सातव्या क्रमांकाचा नायट्रोजन

पेरू देशातल्या पिस्को शहरासमोर समुद्रात चिंचा नावाची तीन लहान बेटं आहेत. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. किनाऱ्यालगत थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो, त्यात मासळी अमाप, आणि त्या मासळीवर पोसलेले पाणकावळे, बूबी, पेलिकन असे लाखो पक्षी या बेटांवर वस्तीला. चरायचं समुद्रात आणि शिटायचं बेटावर, असा त्यांचा हजारो वर्षांचा शिरस्ता. पाऊस नसल्याने विष्ठा धुऊन गेली नाही, थरावर थर चढत गेले, आणि काही ठिकाणी त्यांची जाडी पन्नास मीटरच्या घरात पोहोचली. हाच ग्वानो. इंकांच्या काळापासून तिथले शेतकरी तो शेतात घालत आले होते. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने १८०४ मध्ये त्याचे नमुने युरोपात नेले आणि १८४० नंतर तर ग्वानोने भरलेली जहाजं युरोपकडे रीघ लावून निघाली. चीनहून करारावर आणलेले मजूर त्या बेटांवर खोदकाम करता करता मेले. १८६४ मध्ये स्पेनने बेटं बळकावली आणि युद्ध पेटलं. विष्ठेवरून युद्ध म्हटलं की हसू येतं, पण त्या काळी पेरूच्या सरकारी तिजोरीचा मोठा भाग याच खतावर भरत असे.

खत इतकं महाग झाल्यावर त्यात नेमकं आहे काय, हे रसायनशास्त्रज्ञ तपासणारच. यूलियस बोडो उंगर या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये ग्वानोतून एक पांढरा पदार्थ वेगळा काढला. पाण्यात तो जवळपास विरघळत नव्हता, आम्लात विरघळत होता. दोन वर्षांनी त्याचं नाव ठरलं ग्वानिन. त्याचा आनुवंशिकतेशी काही संबंध असेल हे त्या वेळी कोणाच्या डोक्यातही नव्हतं. फ्रीडरिख मीशरला जखमांच्या पुवातल्या पेशींमधून ‘न्यूक्लिइन’ मिळालं ते १८६९ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर. पुढे बाझेलमध्ये मीशर ऱ्हाईन नदीतल्या सामन माशांच्या शुक्रपेशींवर काम करू लागला, आणि तिथल्याच यूल पिकार्डने १८७४ मध्ये त्या शुक्रपेशींमध्ये ग्वानिन असल्याचं दाखवलं. खतातला पदार्थ पेशीच्या केंद्रकातही होता.

शाळेत आपल्याला सांगतात की डीएनए ही चार अक्षरांची भाषा आहे: ए, टी, जी, सी. जी म्हणजे ग्वानिन. आरएनएमध्ये टीच्या जागी यू येतो, जी मात्र दोन्हीकडे तोच. अक्षरांच्या या उपमेने फार मोठं काम केलं आहे. तिच्यावाचून जनुकांविषयी चार वाक्यं बोलणंही अवघड. पण तिने एक गैरसमजही पसरवला. कागदावरच्या ‘जी’ला वजन नसतं, त्याला गंज चढत नाही, त्याला कोणी येऊन चिकटत नाही. खऱ्या ग्वानिनला हे सगळं होतं. पाच कार्बन, पाच हायड्रोजन, पाच नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन असे सोळा अणू, दोन जोडलेल्या कड्या, आणि स्वतःचा एक स्वभाव. तो डीएनएत शिरण्याआधीचा आहे आणि डीएनएत शिरल्यावरही सुटत नाही. आनुवंशिकतेतल्या बऱ्याच भानगडी संदेशामुळे होत नाहीत, या सोळा अणूंच्या स्वभावामुळे होतात.

हा स्वभाव पाहायचा तर मासळीबाजारात जावं. ताजी वाकटी हातात घ्या. तिला खवले नसतात, नुसती लखलखीत कातडी असते, आणि बोट फिरवलं की चंदेरी वर्ख बोटाला लागतो. तो वर्ख म्हणजे ग्वानिनचे स्फटिक. पापलेटची चमक, तारलीच्या पोटाची चमक, बांगड्याच्या कुशीवरची चमक, सगळी यातलीच. कातडीतल्या विशिष्ट पेशी ग्वानिनचे अतिशय पातळ पापुद्रे बनवतात. ग्वानिनचा रेणू सपाट असतो आणि सपाट रेणूंना एकमेकांवर बसायला आवडतं, ताटांची चळत लावावी तसे ते बसतात. पापुद्र्याची जाडी काही दशक नॅनोमीटरची. मध्ये पेशीतलं पाणी, मग पुन्हा पापुद्रा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि ग्वानिनच्या स्फटिकाचा एका दिशेने १.८३. या तफावतीमुळे प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो, थरांमधलं अंतर कमी-जास्त असलं की सगळ्या रंगांचा प्रकाश परततो, आणि आपल्याला चांदी दिसते. धातूचा कणही तिथे नसतो.

सतराव्या शतकात पॅरिसमधल्या जाकें नावाच्या जपमाळा बनवणाऱ्या कारागिराने याच चांदीचा धंदा केला. लहान नदीमासे धुतलेल्या पाण्यात चमकदार गाळ बसतो हे त्याने हेरलं, तो गाळ पोकळ काचमण्यांच्या आत माखला, आणि नकली मोती तयार झाले. आजही काही नेलपॉलिशच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ‘सीआय ७५१७०’ असा आकडा सापडतो. तो ग्वानिनचा.

प्राण्यांनी या चळतीचे आणखी बरेच उपयोग केले आहेत. मादागास्करमधला पँथर सरडा रंग बदलतो, तो कातडीतल्या ग्वानिन स्फटिकांमधलं अंतर वाढवून. शांत असताना स्फटिक जवळजवळ, रंग हिरवा. दुसरा नर समोर आला की अंतर वाढतं आणि कातडी पिवळी-तांबडी होते. जिनेव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये दाखवलं. स्कॅलप नावाच्या शिंपल्याला दोनशेपर्यंत डोळे असतात, आणि प्रत्येक डोळ्याच्या मागे ग्वानिनच्या चौकोनी फरशांचा अंतर्वक्र आरसा असतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१७ मध्ये त्या फरशा अगदी जवळून पाहिल्या; एखाद्या कुशल गवंड्यालाही त्यांच्या जोडकामाचा हेवा वाटावा. यातल्या एकाही ठिकाणी ग्वानिन कसलाही आनुवंशिक संदेश वाहत नाही.

आता डीएनएकडे. १९५३ च्या फेब्रुवारीत केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन डीएनएच्या या चार अक्षरांच्या, म्हणजे बेसच्या, जोड्या जुळवत बसला होता आणि त्या जुळत नव्हत्या. कारण पुस्तकातली चित्रं चुकीची होती. ग्वानिनमधला एक हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटलेला दाखवत असत; खरं तर तो शेजारच्या नायट्रोजनवर असतो. एवढ्याशा फरकाने रेणूची कड बदलते: जिथे हायड्रोजन देणारा अणू हवा तिथे घेणारा येऊन बसतो. हे वॉटसनला सांगितलं जेरी डोनोह्यूने. तो अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ, योगायोगाने वॉटसन आणि त्याचा सहकारी क्रिक यांच्याच खोलीत बसत असे. वॉटसनने पुठ्ठ्याचे आकार नव्याने कापले आणि २८ फेब्रुवारीला ते टेबलावर सरकवता सरकवता ग्वानिन सायटोसिनसमोर, म्हणजे सीसमोर, नेमकं बसलं. डीएनएच्या रचनेच्या शोधाच्या कथेत डोनोह्यूला फार थोडी जागा मिळते, याचं मला नेहमी वाईट वाटतं. याच शोधाला हातभार लावणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिनवर झालेला अन्याय निदान आता सर्वांना ठाऊक आहे. वॉटसन-क्रिक यांनी ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत दोन हायड्रोजन बंध धरले होते, तिसरा बंध पॉलिंग आणि कोरी यांनी १९५६ मध्ये पक्का केला. जी-सी जोडीत तीन आणि ए-टीमध्ये दोन, हा आज बारावीच्या मुलांना तोंडपाठ असलेला हिशोब.

ग्वानिनची एक कड अशी सायटोसिनला जखडलेली असते. उरली दुसरी कड. रसायनशास्त्रात रेणूतल्या प्रत्येक अणूला क्रमांक देतात, आणि त्या दुसऱ्या कडेवर सातव्या क्रमांकाचा नायट्रोजन आहे. तो कुठल्याच जोडीत अडकलेला नाही. दुहेरी गोफाला एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन खाचा असतात, त्यातल्या रुंद खाचेत हा अणू उघडा असतो. त्याच्यावर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि शेजारचा ऑक्सिजन तिला आणखी धार आणतो. इलेक्ट्रॉनांच्या शोधात असलेला एखादा पदार्थ केंद्रकात शिरला, तर त्याला संपूर्ण डीएनएमध्ये सर्वात सोपी जागा हीच सापडते. पहिल्या महायुद्धातला मस्टर्ड वायू पेशीत शिरून इथेच चिकटत असे.

आपल्या जवळचं उदाहरण शेंगदाण्याचं आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग सापडेना. शेवटी दोष निघाला त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. तिच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी वाढली होती आणि तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. हा पदार्थ पोटात जातो तेव्हा डीएनएला काही करू शकत नाही. त्याला हत्यार आपलं यकृतच देतं. बाहेरचा पदार्थ शरीराबाहेर टाकता यावा म्हणून यकृतातली एन्झाइमं त्यावर ऑक्सिजन जोडतात, आणि त्यातून तीन अणूंची एक ताणलेली कडी तयार होते. ती फार काळ टिकत नाही, पण टिकते तेवढ्यात डीएनएत बेसच्या चळतीमध्ये सरकते आणि सातव्या नायट्रोजनला चिकटते. मग बहुतेक वेळा ते ग्वानिन विषासकट साखळीतून निखळतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. शास्त्रज्ञांनी याचा चांगला उपयोग करून घेतला: लघवीतलं हे जोडपं मोजलं की माणसाच्या पोटात किती अफ्लाटॉक्सिन जातंय ते कळतं. शांघायमधल्या १९९२ च्या अभ्यासात ज्यांच्या लघवीत ते सापडलं, त्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका जास्त असल्याचं दिसून आलं.

निखळलेल्या जागी खड्डा उरतो, किंवा चिकटलेलं ग्वानिन तसंच राहतं, आणि पेशीने नक्कल काढताना तिथे चूक केली की जीच्या जागी टी येतो. ही चूक कुठेही होऊ शकते. पण १९९१ मध्ये चीनमधल्या ची-तुंग भागातल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या यकृत-कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांमध्ये पी-५३ या पहारेकरी जनुकाच्या एकाच जागी, २४९ व्या शब्दात, एजीजीचं एजीटी झालेलं सापडलं. दोन्ही प्रदेशांत धान्याला बुरशी लागणं नेहमीचं. गुन्हेगाराने बोटाचा ठसा सोडावा अशी ही गोष्ट म्हणून ती फार गाजली, आणि ते रास्तच होतं.

भारतात या विषाने मोठा घाला घातला तो १९७४ च्या शेवटी, गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत. काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला, मका भिजला, बुरशी आली, आणि दुसरं धान्य घरात नसलेल्या आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ गेले. त्या घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी तपासलेल्या मक्यात किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आजची आपली धान्यासाठीची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तो मका या मर्यादेच्या शेकडो पट विषारी होता. ही तीव्र विषबाधा होती, तिच्यात यकृताच्या पेशी सरसकट मरतात, दोष एकट्या ग्वानिनचा नसतो. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं खाणाऱ्याच्या वाट्याला मात्र ग्वानिनचा मार्ग येतो. घरातला दाणा खवट लागला म्हणून आपण टाकतो ते ठीकच, पण खवटपणा तेल बिघडल्याचा असतो. अफ्लाटॉक्सिन चवीवरून कळेलच असं नाही, आणि दाणे भाजल्याने ते पूर्ण जातही नाही. शेंगा नीट वाळवून कोरड्या जागी ठेवणं आणि काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे निवडून फेकणं, हाच खरा उपाय. निवडून काढलेले असे दाणे गुरांनाही घालू नयेत, कारण दुधातून ते विष परत येतं.

ज्या जागी विष चिकटतं तिथेच औषधही चिकटवता येतं. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होता. जिवाणू विभागायचे थांबले आणि दोऱ्यासारखे लांबत सुटले. पराक्रम विजेचा नव्हता. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांचा होता. त्यातलंच एक सिसप्लॅटिन, १८४० च्या दशकात, म्हणजे ग्वानिनच्याच सुमारास, कोणी तरी बनवून ठेवलेलं आणि मग विस्मरणात गेलेलं. त्यातला प्लॅटिनमचा अणू शेजारशेजारच्या दोन ग्वानिनच्या सातव्या नायट्रोजनांना एकत्र बांधतो, डीएनए तिथे वाकतं, आणि भराभर विभागणारी पेशी मरते. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि वृषणाचा कॅन्सर बरा होऊ लागला. आपल्याकडे तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत ते देतात. दर आठवड्याला लहान डोस द्यावा की तीन आठवड्यांनी मोठा, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ३०० रुग्णांवर तपासून २०१८ मध्ये उत्तर दिलं: दोन वर्षांनंतर रोग आटोक्यात राहण्याचं प्रमाण आठवड्याच्या डोसने ५८.५ टक्के, मोठ्या डोसने ७३.१ टक्के. त्रासही मोठ्या डोसचाच जास्त. मूत्रपिंडं आणि कान यांवर त्याचा भार पडतो, उलट्या होतात, कारण निरोगी पेशीतलं ग्वानिनही तेच.

बाहेरून कोणी आलं नाही तरी ग्वानिन बिघडतं. चारही बेसमध्ये इलेक्ट्रॉन सोडायला सर्वात तयार तेच, त्यामुळे आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनची झळ आधी त्याला लागते. सातव्या नायट्रोजनला लागून असलेल्या आठव्या कार्बनवर ऑक्सिजन बसतो, सातव्यावर हायड्रोजन येतो, आणि असं गंजलेलं ग्वानिन उलटं फिरून सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी, म्हणजे एशी, जोडी करतं. टोकियोतल्या कासाई आणि निशिमुरा यांनी हे बिघडलेलं रूप १९८४ मध्ये ओळखलं. पेशीत हा बिघाड दुरुस्त करणारी एन्झाइमं अहोरात्र कामावर असतात. त्यातलं एक जन्मतः नीट नसलेल्या माणसांच्या मोठ्या आतड्यात गाठी होतात आणि पुढे कॅन्सर होऊ शकतो.

आरएनएमध्ये मात्र पेशी स्वतःच हा अणू मुद्दाम बदलते. आपल्या जवळजवळ प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या (एम-आरएनएच्या) सुरुवातीला ती एक जादा ग्वानिन उलटं जोडते आणि त्याच्या सातव्या नायट्रोजनवर एक मिथिल गट बसवते. १९७५ मध्ये सापडलेली ही ‘टोपी’. मिथिलमुळे ग्वानिनवर धन भार येतो आणि भाषांतर सुरू करणारं प्रथिन त्याला आपल्या दोन सपाट कड्यांच्या मध्ये घट्ट धरतं. टोपी नसेल तर प्रथिन बनवणारी यंत्रणा त्या आरएनएला दारात उभं करत नाही, आणि शरीराचे पहारेकरी त्याला विषाणू समजून कापतात. कोविडच्या एम-आरएनए लसींमध्ये ही टोपी कारखान्यात घालावी लागते. २०२२ च्या जूनमध्ये मंजुरी मिळालेली पुण्याच्या जिनोव्हाची लसही याच जातीची.

ग्वानिनला ग्वानिनही आवडतं. चार ग्वानिन एका चौकोनात बसतात, प्रत्येकाचा सातवा नायट्रोजन शेजाऱ्याला धरतो, आणि असे चौकोन एकमेकांवर रचले जातात. ग्वानिनयुक्त द्रावण जेलीसारखं गोठतं हे १९१० मध्येच दिसलं होतं, त्याची रचना कळली १९६२ मध्ये. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात, तिथे असे चौकोन होऊ शकतात. मानवी पेशीत ते प्रत्यक्ष दाखवले २०१३ मध्ये केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाने. चेन्नईत जन्मलेले हे तेच बालसुब्रमण्यन, ज्यांनी डेव्हिड क्लेनरमन यांच्यासोबत डीएनए वाचण्याची आज जगभर चालणारी पद्धत काढली.

डीएनए वाचण्याच्या सुरुवातीच्या पद्धतींपैकी एक, १९७७ मधली मॅक्सम आणि गिल्बर्ट यांची, तीसुद्धा सातव्या नायट्रोजनवर उभी होती: तिथे मिथिल चिकटवायचं, साखळी तिथे तोडायची, आणि तुकड्यांच्या लांबीवरून जी कुठे कुठे आहे ते काढायचं. बालसुब्रमण्यन यांच्या पद्धतीत रंगीत प्रकाश वापरतात. त्या यंत्रांच्या काही नव्या आवृत्त्यांमध्ये खर्च आणि वेळ वाचवायला दोनच रंग ठेवले आहेत. एका अक्षराला एक रंग, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला दोन्ही, आणि जीला रंगच नाही. प्रकाश आला नाही की यंत्र लिहितं ‘जी’. तुकडा संपला, रसायन संपलं, काही बिघडलं, तरी प्रकाश येत नाहीच, आणि यंत्र निमूटपणे जी, जी, जी लिहीत सुटतं. म्हणून आता जिनोमची माहिती हाती आली की संशोधक आधी एक संगणकीय चाळणी लावतात आणि शेवटच्या ग्वानिनच्या रांगा छाटून टाकतात.